डाव्या खांद्याकडे बघा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि सासूबाईंनी बळेच गळ्यात मारलेली कढई. कढई एवढी मोठी की तिच्यात मीच मावेन. एकटीला कशाला, असं मी तीनदा म्हटलं, पण ऐकतील त्या सासूबाई कसल्या! ह्यांची बदली महिन्याभरात होईल, तेव्हा लागेलच म्हणाल्या.

राहायची खोली स्टुडिओच्या बरोबर वर आहे. लाकडी जिना, हिरवा रंग उडालेली खिडकी, समोर चपलांचं दुकान. स्टुडिओ जुना पण स्वच्छ. मालकांना सगळे मास्तर म्हणतात, शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नाही. ते कॅमेऱ्यामागे आणि मी कॅमेऱ्याशेजारी. येणाऱ्या माणसाला बसवायचं, त्याचे हातपाय कुठे ठेवायचे ते सांगायचं आणि मुख्य म्हणजे त्याला सैल करायचं, हे माझं काम. कॅमेरा समोर आला की चांगली हसती-बोलती माणसं खांबासारखी होतात. मला हे काम फार जमतं. आपल्या तोंडाने सांगू नये, पण रोजनिशीत नाही तर कुठे सांगायचं?

मास्तरांनी एकच नियम सांगितला. कॅमेऱ्याच्या बाजूच्या भिंतीवर एक लाकडी खुंटी आहे. गिऱ्हाइकाने आल्यावर आपली एखादी वस्तू, शाल, जॅकेट, पिशवी, काहीही, तिथे अडकवायची. फोटोच्या वेळी त्या वस्तूकडे बघायचं आणि आपलं एखादं माणूस मनात आणायचं. जाताना वस्तू आपल्या हाताने उचलून न्यायची. ती नेली की नाही हे मी बघायचं. ही पद्धत त्यांच्या बायकोची. त्या हयात होत्या तोवर माझं काम त्याच करायच्या. मी कारण विचारलं तर मास्तर म्हणाले की बायकोला कारण विचारायची त्यांची कधी छाती झाली नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

दोन दिवसांत बरीच माणसं बसवली. मी कुणालाही ‘हसा’ म्हणत नाही. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, हसत नाही. आधी खांदे कानापर्यंत उचलायला लावते आणि मग धपकन सोडायला. जीभ टाळूपासून सुटी करा म्हणते, त्याने जबडा आपोआप सैलावतो. रिकामे हात माणसाला जड होतात, म्हणून हातात काहीतरी देते. मग डोळे मिटा, सगळा श्वास सोडा, आपलं माणूस आठवा, आणि उघडा! त्या उघडण्याच्या क्षणी मास्तर बटण दाबतात. तेव्हाचा चेहरा खरा असतो.

हे वेड मला कुठून लागलं, ते लिहायला आज धीर करते. पिल्लूचा एकच धड फोटो आमच्याकडे आहे, तो शाळेतला. सहा वर्षांची होती. पुढचे दोन दात पडले होते आणि त्या फटीतून ती वारा काढून दाखवायची. फोटोवाल्याने तिला दटावलं, तोंड मीट म्हणाला. म्हणून फोटोत ओठ घट्ट मिटलेले, खांदे वर, मुठी आवळलेल्या. पुढच्या महिन्यात ताप आला आणि चार दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. माझं हसरं लेकरू, आणि उरला तो असा घाबरलेला फोटो. दुसऱ्या कुठल्या आईच्या वाट्याला असा फोटो येऊ नये, एवढंच मला वाटतं.

फोटो या वहीतच ठेवलाय. भिंतीवर लावायचा धीर अजून होत नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

खुंटीचं काही खरं नाही. टांगलेल्या जॅकेटकडे बघून माणसाला फार तर धोबी आठवेल! नजर कशी निर्जीव होते. माणसाने माणसाकडे बघावं.

आज घड्याळजींच्या बाई आल्या. वय सत्तरीच्या पुढे, नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तो जाऊन दोन वर्षं झाली. त्या काही केल्या सैलावेनात. शाल खुंटीला लावा म्हटलं तर थंडी वाजते म्हणाल्या. शेवटी मी कॅमेऱ्याला खेटून उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या डाव्या खांद्याकडे बघा, तिथे तुमचं माणूस उभं आहे असं समजा. त्यांनी डोळे उघडले आणि काय सांगू! चेहरा असा उजळला की मास्तरसुद्धा क्षणभर बटण दाबायचं विसरले. बाईंनी मला नंतर सांगितलं की यजमान काम करताना शीळ घालायचे, अंगाला सदा मशीनच्या तेलाचा वास. बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. निघाल्या तेव्हा मात्र एकदम हलक्या होऊन, तरुण मुलीसारख्या पायऱ्या उतरून गेल्या.

त्या गेल्यावर मास्तरांनी खुंटीकडे बघून विचारलं की बाईंनी काय लावलं होतं. काही नाही म्हटल्यावर त्यांनी खुंटीवर बोट फिरवलं. मग म्हणाले, खुंटी सोडू नकोस. मी मान हलवली. पण फोटो बघून कुणीही सांगेल की बरोबर कोण होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खुंटी सोडली. सगळ्यांना खांदाच देते. मास्तर कुरकुरतात, पण फोटो बघितले की त्यांचीही बोलती बंद होते. आज परगावी नोकरीला निघालेला एक तरुण आला. पाय सारखे हलत होते, नखं खाऊन संपवलेली. कुणाला आठवू असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, सगळ्यात जास्त कोण आठवणार आहे तिकडे? लाजून म्हणाला, आई. सुंदर फोटो आला.

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही. डावा खांदा जड वाटतोय. दुखत नाही, नुसता जड. पिल्लू झोपली की तिथेच डोकं टाकायची, डाव्याच खांद्यावर, उजवा तिला चालायचा नाही. अगदी तसंच वाटतंय. आज मी मुद्दाम हळू चालले, तिची झोप मोडेल म्हणून. वेड्यासारखं आहे, पण वर्षभरात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

तोंडातोंडी नाव झालंय. चपलांच्या दुकानातल्या माणसानेही सहकुटुंब फोटो काढून घेतला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे बारा झाले आणि गर्दी वाढतेच आहे.

घड्याळजींच्या बाई फोटो न्यायला आल्या होत्या. स्वतःलाच बघून खूश झाल्या. मी सहज म्हटलं, काकांना किती आवडला असता! त्यांनी विचारलं, कोण काका? मी म्हटलं, तुमचे यजमान. तर हसल्या आणि म्हणाल्या की मी दुसऱ्या कुणाबरोबर गल्लत करतेय, त्या तर जन्मभर एकट्याच राहिल्या. बोटात अंगठी होती. ती त्या फिरवत होत्या, परक्याची वस्तू चुकून घरी आल्यासारखी.

वय झालं की असं होतं. होत असणार.

बुधवार, १९ नोव्हेंबर

भांडी घासताना कानाजवळ कुणीतरी शीळ घातली.

खिडकी बंद होती. डावीकडून आली, अगदी कानाला लागून, आणि मागोमाग तेलाचा वास. मशीनचं तेल. मी कढई तशीच टाकून खाली पळाले. मास्तर घरी गेले होते, खाली कुणी नव्हतं. पायऱ्यांवर बसून राहिले. खांदा आता एका लेकराएवढा जड नाही. पुष्कळ जास्त आहे.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज एक बाई आल्या, त्या तरुणाच्या आई. तोच, नखं खाणारा. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि विचारलं की फोटो काढताना पोराला काही लागलं होतं का, कुठे पडला वगैरे होता का. म्हणाल्या, त्या दिवशी तो घरी आला आणि दारात उभ्या असलेल्या त्यांना त्याने विचारलं, काकू, कोण हवंय? आधी त्यांना थट्टा वाटली. अजूनही तो काकूच म्हणतो. आदराने वागतो, पाणी विचारतो. घरात या बाई का राहतात हे त्याला कळत नाही, पण भिडेपोटी विचारत नाही. पुढच्या महिन्यात तो जाणार. असाच गेला तर परत कुणाकडे येईल, असं म्हणून त्या रडल्या.

मी त्यांचा हात धरला. माझा डावा खांदा तेव्हा हलला. मी हलवला नव्हता. कुणीतरी त्या बाईंकडे बघायला वाकलं होतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटर लावला. त्या तरुणाचा फोटो काढला आणि त्याचा एक डोळा मोठा करत गेले, मोठा करत गेले. डोळ्याच्या बाहुलीत समोरचं दिसतं ना, तसं दिसलं. दिव्याची चौकट, कॅमेरा, शेजारी मी. माझ्या डाव्या खांद्यावर डोकी. एकावर एक, दाटीवाटीने. कुणी पडू नये म्हणून माझ्या गळ्याला धरलेलं. आणि अगदी खाली, मानेजवळ, दबलेलं एक लहान डोकं. दोन वेण्या.

ती होती. म्हणजे माझी ती खरंच होती, पहिल्यापासून. मी तिला घेऊनच इथे आले. आणि मीच तिच्या अंगावर एवढी परकी माणसं चढवली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

तिचा आवाज आठवत नाही. दोन दिवस आठवतेय. हाक मारली की शीळच ऐकू येते. कुणीतरी खोकतं. वहीतल्या फोटोकडे न बघता तिच्या फ्रॉकचा रंग आठवायला जाते आणि कुणाच्या तरी भावाचा चौकटीचा सदरा समोर येतो. तिला चेंगरतायत ते, माझ्या अंगावर आणि माझ्या आतसुद्धा.

लिहून ठेवते. पिल्लू. सहा वर्षं. पुढचे दोन दात नाहीत. फटीतून वारा काढते. उजवा खांदा चालत नाही. वेणी घालताना रडते, पण दुसऱ्या कुणाला घालू देत नाही.

मास्तरांनी आज त्यांचं सांगितलं. त्यांच्या बायकोनेही सुरुवातीला खांदाच दिला होता. खुंटी त्यानंतर आली. उपाय आहे म्हणाले. ज्याने ठेवलं त्याने परत यायचं, आपली वस्तू माझ्या खांद्यावर टाकायची, तिच्याकडे बघायचं आणि आपल्या हाताने उचलून न्यायची. त्याबरोबर त्याचं माणूस जातं. पण एक सांगितलं, अगदी माझे दोन्ही हात धरून. म्हणाले, आधी तुझं उतरव. तुझं जे आहे ते खुंटीला ठेव, सगळे गेले की परत घे. नेणाऱ्याला काही दिसत नाही, हाताला जे लागेल ते तो उचलतो.

पिल्लूला खुंटीला टांगून ठेवू? एकदा तिला दवाखान्यात एकटी ठेवून मी औषध आणायला गेले, तर परत येईपर्यंत—

नाही. मी तिला उतरवणार नाही. घट्ट धरून बसेन.

सोमवार, १ डिसेंबर

जमलं! तो तरुण आला, आईच घेऊन आली. फोटो नीट आला नाही अशी थाप मारली. त्याचं जॅकेट माझ्या खांद्यावर टाकलं, बघायला लावलं, उचलायला लावलं. उचलताना माझ्या मानेवरून बर्फासारखं काही सरकलं. त्याने जॅकेट घातलं, वळला आणि म्हणाला, आई, तू कधी आलीस? त्या माउलीने तोंडात पदर कोंबला. मी आणि मास्तर आत जाऊन रडलो, तिथे अंधार होता म्हणून बरं.

मी सगळा वेळ उजवा हात मानेशी धरून होते. ती आहे. आहे अजून.

बुधवार, ३ डिसेंबर

घरोघर जाऊन बोलावलं. दोन दिवसांत रांगेने बहुतेक सगळे येऊन गेले. काल चपलावाले सहकुटुंब. प्रत्येक वेळी हात मानेशी. प्रत्येक वेळी कुणीतरी जायला नको म्हणून माझे केस ओढतं. मास्तर रोज खुंटीकडे बोट दाखवतात. मी बघत नाही.

तिच्या फ्रॉकचा रंग आठवला. पिवळा. पिवळा, पिवळा, पिवळा.

गुरुवार, ४ डिसेंबर

आता फक्त घड्याळजी. उद्या बाई येतायत. मग आम्ही दोघीच.

रविवारी हे येणार. ह्यांना सांगेन. की फोटो भिंतीवर लावू, आता धीर आहे. की ती इथेच आहे, हात लावून बघा—

फार थकलेय. हात मानेवरून काढायची भीती वाटते. एका हाताने जेवले. मानेजवळ काहीतरी कुजबुजतं. शीळ नाही. वारा काढल्यासारखं, फटीतून.

झोप बाळा. उद्या एवढंच.

शुक्रवार, ५ डिसेंबर

बाई आल्या. शाल टाकली. मी मान धरून होते, पण त्या म्हातारीच्या हातून शाल घसरली. मी सावरायला हात काढला. क्षणभर. नुसता सवयीने, गिऱ्हाइकाची शाल जमिनीला लागू नये म्हणून—

त्यांनी उचलली. छातीशी धरली. फार हलकी आहे म्हणाल्या. मग रडायलाच लागल्या. किती वर्षांनी गं आलीस म्हणाल्या. दाराशी थांबून मला म्हणाल्या, बघा, दात पडलेत हिचे, घरी जाऊन आधी वेणी घालते. शालीला थोपटत गेल्या.

मास्तर खाली बसले. डोकं धरून.  मला वाटलं होतं, बाई नवऱ्यासाठी आल्या होत्या. असो. ज्याचं त्याला मिळालं.

काम झालं. मी का रडतेय ते कळत नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

झोप लागली छान. खांद्यावर थोडंसं वजन आहे. तेलाचा वास येतो. त्यांची शीळ कानात असली की बरं वाटतं. किती वर्षं ते तसेच वाकून बसायचे घड्याळांवर, मी दिवा धरायची. फार आठवण येते त्यांची.

ह्यांचा फोन आला. उद्या निघतायत. विचारत होते, पिल्लूचा फोटो लावलास का भिंतीवर. मी विचारलं, कोण पिल्लू?  मग फोन ठेवला त्यांनी. की पडला हातातून.

वहीत एक फोटो सापडला. शाळेचा दिसतोय. कुणाच्या तरी मुलीचा. पिवळा फ्रॉक, दोन वेण्या. फार वाईट बसवलंय हिला. खांदे वर, मुठी आवळलेल्या, तोंड दाबून मिटलेलं. घाबरलीय बिचारी. कुणीतरी जवळ जाऊन हिला सैल करायला हवं होतं. दोन शब्द बोलायला हवे होते. एवढी गोड पोर, हिच्या आईला हा फोटो बघून काय वाटत असेल?

परत द्यायला हवा. नाव कुठे लिहिलंय का म्हणून मागची पानं चाळते आहे. माझंच अक्षर आहे. पाच नोव्हेंबर. यात लिहिलंय की माझं हसरं